मी वाचून न दाखवलेला जबाब

आमच्या कारखान्यात कुणाचं बोट चेंगरलं, पाय भाजला, डोळ्यात पत्र्याचा कचरा उडाला, की आधी मलमपट्टी आणि मग मी. शेंद्र्याला आमच्याकडं गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग बनायचे. मी टाइम ऑफिसात. हजेरी, रजा, ओव्हरटाइम हे होतंच, पण अपघाताचा जबाब घ्यायचं काम हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. कसं पडलं म्हणाल, तर माणसं माझ्यासमोर रडायची. साहेबासमोर कोण रडतं?

शिक्षण माझं सातवी. लागले होते पॅकिंगला. खोक्यांवरची लेबलं वाचून वाचून इंग्रजी अक्षरं जमवली, दुपारच्या सुट्टीत टाइम ऑफिसच्या बाबूंच्या कॉम्प्युटरवर एका बोटानं मराठी टायपिंग शिकले. बाबू रिटायर झाले आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले. मला कुणी बसवलं नाही, खुर्ची रिकामी होती म्हणून बसले, आणि कुणी उठवलं नाही.

जबाबाची माझी एक रीत होती. माणूस सांगेल तसं लिहायचं. लिहून झालं की पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. तो "व्हय मावशी, असंच झालं" म्हणाला की त्याची सही किंवा अंगठा. त्याखाली मी लिहायचे, "वाचून दाखवला, बरोबर आहे," आणि माझी सही. वीस वर्षं असं चाललं.

आता खरं सांगते. त्या जबाबांत एक खोटं असायचं, आणि ते मी जाणूनबुजून घालायचे. मशीन बिघडलेलं होतं असं लिहिलं की मेंटेनन्सवाले आणि सुपरवायझर एकमेकांच्या उरावर बसायचे, आणि शेवटी सगळे मिळून त्या कामगारालाच घालवायचे. निष्काळजीपणा लिहिलं तर सरळ सस्पेंड. या दोन्हींच्या मधली एक वाट होती. मी लिहायचे, "नजरचुकीने हात गेला." एवढं लिहिलं की कुणावर काही येत नसे. कागद फाइलीला, फाइल कपाटात, आणि पट्टी सुटली की माणूस परत कामावर. कामगार स्वतःच म्हणायचे, "मावशी, तेवढी नजरचूक टाका." मीही टाकायचे. पोट आहे प्रत्येकाला. मला त्यात पुण्यच दिसायचं, खोटं बोलू कशाला.

मग दोन वर्षांमागं एआय आलं.

पुण्याहून एक मुलगी आली शिकवायला. हुशार, गोड बोलणारी. पडद्यावर तिनं एक घसरगुंडीसारखी रेघ दाखवली. बदल आला की माणूस आधी नाकारतो, मग रागावतो, मग खचतो, मग हळूहळू स्वीकारतो. मी शेजारच्या स्टोअरवाल्याला हळूच म्हटलं, "अहो, हे तर घरात कुणी गेल्यावरचं आहे." तो तोंड दाबून हसला. मुलीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही ताई, पटलं मला.

प्रत्येक खात्यातून एकाला निवडून बिल्ला दिला. माझ्या बिल्ल्यावर छापलं होतं, एआय सखी. साठीची बाई, कंत्राटावर ठेवलेली, आणि सखी! पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या पोरी चिडवायच्या, "काय मावशे, नव्या मशीनची सासू झाला म्हन्त्यात." मी म्हणायचे, "सासू कसली गं, दाईच म्हणा. त्याला बोलायला मीच शिकवते आहे."

ते खोटं नव्हतं. माझी जुनी रजिस्टरं या एआयच्या मशीनला द्यायची होती, जबाब कसा लिहितात ते त्याला कळावं म्हणून. पण माझं अक्षर त्याला लागेना. म्हणून दीड महिना रोज दुपारी मी माइकसमोर बसून वीस वर्षांचे जबाब वाचून काढले. कुणाचं बोट, कुणाची टाच. वाचताना माणसं डोळ्यापुढं यायची. एक फिटर तर केव्हाच वारला होता. एचआरचे साहेब म्हणाले, "मावशी, तुमचा सगळा अनुभव यात उतरला." मला भरून आलं. माझ्या हयातीत माझ्या अक्षराला कुणी एवढं विचारलं नव्हतं.

नवी पद्धत अशी. कामगारानं टॅबसमोर बोलायचं, मशीन मिनिटाभरात जबाब लिहून देणार. खाली चौकोन, "वाचून दाखवले", त्यावर टिक करायची, अंगठा घ्यायचा, पाठवायचं. बोलण्याचं रेकॉर्डिंग पाठवल्याबरोबर पुसलं जायचं, जागा भरते म्हणून. हेही त्या मुलीनं सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती. आणखी एक फरक होता, तो मला उशिरा कळला. माझं रजिस्टर कपाटात राहायचं. हे सरळ वर हेड ऑफिसला जायचं, आणि तिथं कारणांप्रमाणं ढीग लावले जायचे. मशीनचा दोष एकीकडं, कामगाराची चूक एकीकडं. मशीनचा दोष निघाला तर त्या माणसाला हलकं काम देऊन ठेवायचं. कामगाराची चूक निघाली तर कंत्राटदाराला कळवून गेटपास बंद.

मागच्या हिवाळ्यात प्रेसवरच्या एका पोरीची उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिशीतली असेल. शेंद्र्याच्या पलीकडच्या एका गावातून सायकलीवर यायची. घरी कोरडवाहू जमीन, नवरा, सासू, दोन लेकरं. जमिनीवर भागत नाही म्हणून ही इथं. मी टॅब घेऊन दवाखान्यात गेले. शिफ्ट संपायच्या आत जबाब वर गेला पाहिजे असा नियम होता.

ती पडून होती, ओठ पांढरे पडलेले. मी टॅब तिच्या तोंडाजवळ धरला. ती म्हणाली, "दोन दिस झालं मावशे, हात आत आसला की थांबवतंय ना ते, सेन्सर, ते बंदच व्हतं. मी भाऊला म्हन्लं. भाऊ म्हन्ले, चालीव तशीच, आज गाडी भरायचीय. मी चालीवली. मला काय ठावं ते खाली येईल." भाऊ म्हणजे त्यांचा सुपरवायझर. मग ती रडायला लागली आणि पुढचं काही नीट कळेना.

मिनिटाभरात जबाब आला. वरच्या दोन ओळी मी वाचल्या. काय सांगू, माझीच भाषा होती. माझ्याच वळणाची, पण माझ्यापेक्षा नीट, एकही खाडाखोड नाही. मनात म्हटलं, वा, बरोबर उतरलंय. नर्स म्हणत होती, बाई आटपा. पोर कण्हत होती. मी चौकोनावर टिक केली, तिचा डावा अंगठा टेकवला, पाठवलं. वाचून दाखवलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

आठ दिवसांनी कंत्राटदाराचा माणूस तिचा गेटपास मागायला टाइम ऑफिसात आला. मी म्हटलं, "तो कशाला? ती तर सुट्टीवर आहे." तो म्हणाला, "बंद करायचा. तिची चूक निघाली ना."

मी तिचा जबाब उघडला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचला. मशीननं लिहिलं होतं, "सेन्सर बंद असल्याचे माहीत असतानाही मी काम सुरू ठेवले व नजरचुकीने माझा उजवा हात प्रेसच्या साच्यामध्ये गेला." भाऊ कुठंच नव्हता. गाडी भरायची होती तेही नव्हतं. मी वाचून दिलेल्या वीस वर्षांच्या जबाबांत कधी कुठला भाऊ आलाच नव्हता, तर त्याला कुठून सुचणार?

मी एचआरच्या साहेबांकडं गेले. माणूस वाईट नाही, हे आधी सांगते. माझ्यासाठी चहा मागवला. प्रॉडक्शनच्या मोठ्या साहेबांनाही बोलावलं. मी म्हटलं, "हा जबाब तिचा नाही. ती वेगळं बोलली होती. मी वाचून दाखवला नाही."

"खाली टिक आहे मावशी. तुमच्या नावानं."

"ती मी खोटी केली."

"रेकॉर्डिंग नाही. सुपरवायझर म्हणतो, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग मी कशावरून खरं धरू?"

"माझ्या शब्दावरून धरा. मी ऐकलंय माझ्या कानानं."

मोठ्या साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. माझी जुनी रजिस्टरं, आता छापील झालेली. ते एकेक जबाब वर सरकवत गेले. "हा बघा. नजरचुकीने. हा, नजरचुकीने. हाही. वीस वर्षांत आपलं एकही मशीन बिघडलं नाही, बाई? हे सगळं खरं आहे का?"

खरं आहे म्हटलं तर पोरीचा जबाबही खरा ठरत होता. खोटं आहे म्हटलं तर मी वीस वर्षांची लबाड. पण म्हटलं, आता लपवून काय करायचं. मी सांगून टाकलं. "नाही साहेब, पुष्कळ खोटे आहेत. माणसं कामावरून जाऊ नयेत म्हणून मी तसं लिहायचे. गरिबाला वाचवायला."

मोठे साहेब हसले. रागानं नाही, समजुतीनं हसले, ते जास्त लागलं. "मग आजही तुमचं तेच चाललंय ना, बाई. गरिबाला वाचवायला."

चहा तसाच राहिला. एचआरचे साहेब मला दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या महिन्यात शीटमेटलच्या दुसऱ्या युनिटला हेच सुरू करायचंय. तुमच्यासारखं माणूस लागेल."

आणि मी गेले, बरं का. तीन महिने गेले त्या दुसऱ्या युनिटला. लोकांना वाटेल बाईनं राजीनामा तोंडावर फेकला असेल. नाही फेकला. गारखेड्याच्या घराला भाडं आहे, माझ्या गुडघ्याला औषध आहे. तिथं मी प्रत्येक जबाब वाचून दाखवायचे, आणि वेळ लागतो म्हणून माझी तक्रार वर गेली. मग त्यांनीच मला कामावरून थांबवलं.

थांबवल्यावर मी त्या पोरीच्या गावी गेले. आधी जायला तोंड नव्हतं. गावात शिरल्यावर दोघांना विचारत विचारत घर सापडलं. ती ओट्यावर डाव्या हातानं तूर निवडत होती. उजवा हात पदराखाली. सासू भिंतीला टेकून बसलेली.

पोरगी उठली, पाणी दिलं. मी म्हटलं, "मी सांगायला आले. त्या कागदावर जे आहे ते तू बोलली नव्हतीस. तू सेन्सरचं सांगितलंस, भाऊचं सांगितलंस. मी ऐकलंय."

"मी सांगितलं व्हतं?"

"सांगितलं होतंस."

"मला वाटलं मीच तसं बोलले आसंल. लई दुखत व्हतं ना. कंत्राटदारानं वाचून दाखवला तवा म्हन्लं, आता मीच म्हन्ले तर कुनाला काय बोलायचं." तिनं सासूकडं बघितलं. "यांना बी तेच सांगितलं. माझीच चूक झाली म्हून. नवऱ्याला बी तेच सांगितलं."

चार महिने ती घरात तेच, तुझीच चूक, ऐकून घेत होती. जेवताना, पाणी भरताना, लेकरं हट्ट करतील तेव्हा. तिच्या आवाजावरून कळत होतं.

सासू पुढं सरकून बसली. "मंजी हिची चूक नव्हती?"

"नव्हती, आजी."

"मग कागदावर कशी आली?"

मशीननं लिहिलं, असं ओठांवर आलं होतं. तेवढं म्हणून सुटता आलं असतं. म्हातारीला मशीन कसलं, कोण बोलतं, कोण लिहितं, काही कळलं नसतं, आणि मी एसटीनं घरी परत आले असते.

"मी आणली," मी म्हटलं. "मी न वाचता अंगठा घेतला तिचा."

म्हातारीनं सुनेचा हात पदराखालून बाहेर ओढला आणि माझ्यापुढं धरला. दोन खुंट, कातडी अजून लाल. "बगा," ती म्हणाली. "नीट बगा. आता वाचा."

पोरगी म्हणाली, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या," आणि हात सोडवून घ्यायला लागली. सासूनं सोडला नाही. मी बघत राहिले.