तक्त्यावरचा रिकामा चौकोन

मंगळवारी रामटेके काकांचा फोन आला होता. "या ना बाई एकदा मशीन पाहाले," नेहमीचंच आमंत्रण. मीही नेहमीचंच उत्तर दिलं, "येते हो, या रविवारी नक्की." असे रविवार मी त्यांना कितीतरी वर्षं देत आले होते आणि त्यांनी एकदाही "मागचा रविवार कुठं गेला?" असं विचारलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी कर्वेनगरच्या घरात मी भाजी निवडत बसले होते, तेव्हा त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. देवाजी रामटेके पहाटे झोपेतच गेले होते. मी तिला काहीतरी धीराचं बोलले असेन. फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो मात्र असा, की आता त्यांच्या मशीनच्या शेडवर जायला हरकत नाही. हे लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते... पण आज खरं लिहायचं असं ठरवूनच बसले आहे.

रामटेके काका आणि मी हडपसरच्या एका कारखान्यात एकत्र होतो. देशाची दारं नुकतीच उघडली होती, परदेशी गिऱ्हाइकं येऊ लागली होती, आणि आमच्या साहेबांना आपणही आधुनिक आहोत हे दाखवण्याची घाई झाली होती. त्या आधुनिकतेचा एक भाग म्हणून टूलरूममध्ये पहिली बाई घेण्यात आली, ती मी. हातात पदविका, अंगात पुणेरी ताठा, आणि सहा महिन्यांचं प्रोबेशन. काका भंडाऱ्याकडचे, विश्रांतवाडीला राहणारे. बँडसॉ या मशीनवर त्यांची वीस वर्षं गेली होती. बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं अखंड फिरणारं करवतीचं पातं. लाकूड असो, पोलाद असो, प्लॅस्टिक असो, कारखान्यात येणारा प्रत्येक माल आधी त्यांच्यासमोरून जायचा. बाकीची मंडळी माझ्याशी एकतर अतिअदबीनं बोलत किंवा बोलतच नसत. काकांनी मात्र पहिल्याच दिवशी मला स्टूल दिलं आणि म्हणाले, "बसा. ऐका."

ऐकायचं होतं ते पात्याचं. पातं सुखात असलं की एकसारखं गुणगुणतं, वेग जास्त झाला की किंचाळतं. त्यांनी मला ॲक्रिलिकची एक पट्टी जोरात कापून दाखवली. पातं पुढं गेलं आणि मागं वितळलेलं प्लॅस्टिक पुन्हा चिकटून बसलं, जणू कापलंच नव्हतं. "पाहा," ते म्हणाले, "घाई केली ना, का कामच होत नाही." ॲल्युमिनियमला जोराचा वेग चालतो, साध्या पोलादाला बेताचा, हत्यारांच्या कठीण पोलादाला, टूल स्टीलला, अगदी सावकाश. कापताना पडणारा कीस चांदीसारखा आणि वळलेला हवा, निळा पडला तर वेग उतरवायचा. आणि माल ओळखीचाच नसेल तर? "त मंग सगळ्यात हळू. हळूनं कोनाचं नुकसान होत नाही बाई, फक्त वेळ जाते." रोज पाळी संपली की ते मशीनचा वेग सगळ्यात खाली आणून ठेवत. पुढचा माणूस काय घालेल ते आपल्याला कुठं माहीत, असं त्यांचं म्हणणं.

डबा खाताना ते फार कशाबद्दल बोलत नसत. बोलत ते प्रज्ञाबद्दल. ती तेव्हा सातवीत होती. "तुमच्यावानी कागद घेऊन कारखान्यात फिरली पायजे माही पोरगी," ते म्हणत. एकदा म्हणाले, "तुमी टिकून राहा बाई. तुमी टिकल्या त मागून अजून येतील." मला तेव्हा ते नुसतं कौतुक वाटलं.

टिकायचं तर काहीतरी करून दाखवायला हवं, म्हणून मी वेगाचा तक्ता बनवला. नव्या आयात पात्यांबरोबर आलेला कॅटलॉग उघडला, कोणत्या मालाला किती वेग ते ड्रॉइंग शीटवर सुवाच्य अक्षरात उतरवलं, आणि खाली ड्रॉइंगवर असतात तसे 'तयार केले' आणि 'तपासले' असे दोन चौकोन आखले. 'तयार केले'च्या चौकोनात लिहिलं, कु. मृदुला केतकर. दुपारी पहिली पाळी सुटताना तक्ता मशीनवर चिकटवला. काका हात पुसत आले, त्यांनी खालचा दुसरा चौकोन पाहिला आणि विचारलं, "कोनी तपासलं?"

"कॅटलॉगमधून घेतलंय हो. त्यात तपासायचं काय?" आणि तेवढ्यावर न थांबता मी म्हणाले, "का, तुम्ही तपासताय?"

ते हसले, बस पकडायची होती म्हणून निघून गेले. ते हसू मला अजून दिसतं.

दुसऱ्या पाळीला टूल स्टीलचा एक मोठा ठोकळा कापायचा होता, पहिल्या परदेशी गिऱ्हाइकाच्या पहिल्या कामाचा. ऑपरेटरनं तक्ता पाहिला, मिनिटाला शंभर मीटर लिहिलं होतं, शंभर लावलं. पात्याचे दात गेले, पातं ठोकळ्यात अडकून तुटलं, आणि तापलेली कड इतकी कडक झाली की तो ठोकळा पुढं कोणत्याच मशीनला दाद देईना. कारखान्यातून घरी फोन आला. मी कॅटलॉग पुन्हा उघडला. रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, फूट. शंभर फूट, म्हणजे तीस मीटर.

सकाळी कबूल करायचं ठरवून गेले. पण मशीनवर तक्ताच नव्हता. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते. साहेबांच्या केबिनमध्ये ऑपरेटर सांगत होता, "साहेब, तक्त्यावर होतं तसं लावलं." साहेबांनी विचारलं, "कुठला तक्ता?" तेव्हा कोपऱ्यात उभे असलेले रामटेके काका शांतपणे म्हणाले, "तक्ता नाही साहेब. जाताना म्याच त्याले शंभर सांगतलं. माही चूक झाली." ऑपरेटर खाली बघत राहिला. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं... आणि मी गप्प बसले.

काकांना मेमो मिळाला. मी कायम झाले. दोन वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती आली. नावात स्वेच्छा, यादी मात्र साहेबांच्या टेबलावर तयार. मेमोवाल्यांची नावं वर होती. काकांनी हडपसरमध्येच एक पत्र्याची शेड घेतली, जुनं बँडसॉ मशीन बसवलं आणि लोकांचा माल कापून देऊ लागले. मी पुढं डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपनीत गेले. आमचं फोनवर बोलणं होई, लग्नाकार्यात भेट होई, पण शेडवर मी कधी गेले नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःची एक समजूत करून घेतली होती. तक्ता झाडणाऱ्यानं फाडून टाकला असेल, काकांनी खरोखरच शंभर सांगितलं असेल, थकलेला माणूस चुकू शकतो. खरं म्हणजे वीस वर्षांत तो माणूस चुकला नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे काकांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी विश्रांतवाडीला गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मग प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, शेड बघता का? बाबा सारखं म्हणायचे, केतकर बाईंना मशीन दाखवायचंय." ती आता आमच्या जुन्या कारखान्याच्याच रस्त्यावर एका काचेच्या इमारतीत काम करते. तिच्याच गाडीतून आम्ही शेडवर गेलो.

तिनं कुलूप उघडलं. तेलाचा वास आला. मशीनचा काटा सगळ्यात खालच्या वेगावर होता. आणि वर, भिंतीवर, काचेच्या चौकटीत माझा तक्ता होता.

'मीटर'वर लाल पेन्सिलीची एक सरळ रेघ, शेजारी 'फूट'. माझ्या यादीखाली त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या ओळी वाढवल्या होत्या. बाभूळ, दमानं. नायलॉन, थांबत थांबत, नाहीतर वितळते. नारळाची करवंटी, धरून ठेवा, उडते. सर्वात शेवटी, ओळखीचा नसलेला माल, सगळ्यात हळू. माझं नाव होतं तिथंच होतं. 'तपासले'चा चौकोन कोरा होता.

"हा तक्ता इथं का लावलाय, ते बाबांनी कधी सांगितलं नाही," प्रज्ञा म्हणाली. "मी तुमचं नाव वाचायचे, विचारायचे. ते म्हणायचे, चांगल्या इंजिनेरनं बनवलाय."

तिथंच, मशीनला टेकून, मी तिला सगळं सांगितलं. कॅटलॉग, फूट, केबिन, माझं गप्प बसणं. ती म्हणाली, "आई शेवटपर्यंत म्हणायची, एवढा बसलेला हात त्या दिवशीच कसा चुकला..."

"नव्हता चुकला," मी म्हणाले.

"हे तुम्ही आईला सांगायला हवं होतं."

ते आता राहूनच गेलं. मी हे वर्तमानपत्रात लिहिते आहे ते त्यासाठीच. रामटेके काकांच्या हातून ते पातं गेलं नाही. माझ्या हातून गेलं.

मी चौकट उतरवली, काच काढली, पर्समधून पेन काढून प्रज्ञापुढं धरलं. तिनं मान हलवली. "नाही मॅडम. तुम्हीच लिहा."

मग त्या कोऱ्या चौकोनात मी माझ्या त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, देवाजी रामटेके. खाली तारखेची जागा होती. त्या जुन्या दुपारची तारीख घालावी असं क्षणभर मनात आलं. पण घातली ती शेडवर उभी होते त्या दिवसाचीच. उशीर झाला आहे, तो तक्त्यावर दिसायला हवा.