हिल्माच्या दारातला ढीग

"पातं उचलू नगंस, म्हनते मी. ऐकू येतंय का?"

फावडं खांद्यावर टाकून हिल्मा बर्फ सारायच्या गाडीपुढं उभी होती. रेनोनं ब्रेक दाबून काच खाली केली.

"आगं, सरक बाजूला. गाडीपासनं दोनशे फूट लांब ऱ्हावा म्हनून मी साळंत जाऊन पोरास्नी बोंबलून सांगतो, आन् तू म्होरंच हुबी."

"मी दिसले तरी तुला. माझी पोर न्हाई दिसली."

रेनोनं पात्याच्या दांड्यावरचा हात काढून घेतला.

अमेरिकेत, मिशिगनच्या वरच्या अंगाला, तळ्याकाठच्या या रस्त्यावर सव्वीस हिवाळे त्यानं बर्फ सारलं होतं. गाडीला पुढं एक पातं, उजव्या कुशीला दुसरं, पंखासारखं बाहेर आलेलं. मागं उडणाऱ्या पांढऱ्या धुरळ्यात ते कुणाला दिसत नाही. तीन हिवाळ्यांमागं हिल्माची पोर इर्मा इस्पितळातल्या कामाला उशीर झाला म्हणून आपली मोटार घेऊन त्या धुरळ्यात शिरली, उजवीकडून पुढं निघायला. रेनोला बारीकसा हिसका बसला. रस्त्याकडेची टपालाची पेटी उडाली असंल, असं त्याला वाटलं. हिवाळ्याला दोन-चार उडायच्याच. तो तसाच पाव मैल पुढं गेला; मागं कुशीच्या पात्याला धडकलेल्या मोटारीत इर्मा संपली होती.

चौकशीत त्याचा दोष निघाला नाही. पण तो पाव मैल त्याच्या उरावर बसला तो बसलाच.

तेव्हापासून हिल्माच्या फाटकाशी आला की तो कुशीचं पातं उचलून घ्यायचा. बाकी सगळ्यांच्या फाटकात पात्यानं लोटलेल्या बर्फाचा कंबरेएवढा ढीग, हिचं तेवढं मोकळं.

"समदी सकाळी ढीग उपसत्यात, तुला शिव्या घालत्यात," हिल्मा म्हणाली. "माझंच दार थडग्यावानी साफ. येनारं-जानारं बघतं आन् मान खाली घालतं."

"मला दुसरं काय सुचंना, हिल्मा."

"आमचा ढीग इर्माच उपसायची. रेनोचं बुड शिटाला गोठून बसू दे, म्हनायची. रोज."

"माझ्या तोंडावर बी म्हनायची."

"आता मी म्हनीन. टाक ढीग."

"तुझी कंबर..."

"कंबर माझी हाय. टाक."

ती बाजूला झाली. रेनोनं दांडा ढकलला. पातं खाली बसलं, आणि जड, मळकट बर्फ फाटकात जाऊन पडलं. त्यानं आरशात बघितलं. नुसता धुरळा.

तो थांबला. धुरळा बसेस्तोवर थांबला. मग हिल्मा दिसली. ती फावडं मारत होती आणि तिचं तोंड चालू होतं.

रेनोनं काच वर केली आणि पुढच्या फाटकाकडं गाडी घातली.