स्कूटरचं तोंड गेटकडे

स्वयंपाकघरात एक पिशवी असते बघा, जिच्यात आपण बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबून ठेवतो. मुद्दाम जमवत कोणी नाही, पण एक दिवस काही काढायला जावं तर सगळ्या फसकन बाहेर! किस्से तसेच साठतात. कोणी मला नुसतं विचारायचा अवकाश, "काय गं, तुझे मिस्टर काय करतात?" की माझी पिशवी सुटलीच समजा.

आमचे हे सोमवार ते शनिवार वालीवच्या एका कंपनीत पॅकिंग बघतात. रविवारी मात्र पांढरी टोपी घालून अंपायर! इथल्या टेनिस बॉलच्या मॅचेसना उभे राहतात. त्यांचे दोन जोडीदार. एक निर्मळचे पास्कोलकाका, केळीची वाडी करतात, सगळ्यांत जुने अंपायर. दुसरे मनोज भावोजी, तुळिंजला त्यांचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे.

भारताची मॅच असली की तिघं फुलपाड्याला आमच्या वन रूम किचनमध्ये टीव्हीसमोर. मी पडले सातवी शिकलेली. पण ह्यांच्यासाठी कांदे चिरता चिरता पिचिंग काय, इम्पॅक्ट काय, अल्ट्रा एज काय, सगळं शिकले. आज माझ्यासमोर कोणी बोलून दाखवावं!

* * *

नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. आपल्या बॅट्समनने सिक्स मारला. अख्खी बिल्डिंग ओरडली आणि आमच्या घरात चिडीचूप! तिघं मान पुढे काढून नुसते बघतायत.

मी म्हटलं, "अहो, सिक्स गेला ना?"

"कोणी मारला?" हे म्हणाले. "आम्ही बोलरचा पाय बघत होतो."

त्याच मॅचमध्ये आपला भरवशाचा बॅट्समन एलबीडब्ल्यू दिला. त्याने रिव्ह्यू घेतला. स्क्रीनवर एक लाल, दोन लाल, तीन लाल. आऊट! बिल्डिंगमध्ये कोणी गेल्यासारखी शांतता आणि आमच्याकडे टाळ्या!

शेजारच्या काकू तडक दारात. "अहो, आपला माणूस आऊट झाला आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवता?"

पास्कोलकाका जागचे न हलता म्हणाले, "आपला माणूस बरोबर निघाला म्हणून!"

काकूंना वाटलं कोणीतरी पाहुणा आलाय. त्यांनी आत डोकावून बघितलं. काकांनी टीव्हीतल्या अंपायरकडे बोट दाखवलं.

* * *

आता खरं सांगते, मी घाबरट आहे. आमची तन्वी आठ वर्षांची झाली, तरी ती शिंकली की माझा हात तिच्या कपाळावर. घरात थर्मामीटर दोन. पहिल्यावर भरवसा नाही म्हणून दुसरा आणला, आता दोघांवर नाही.

एकदा टीव्हीवर बॉल स्टंपला लागताना चक्क दिसत होता आणि तरी नॉट आऊट! मी किचनमधून बाहेर आले. "हे काय? लागतोय की!"

"अंपायर्स कॉल," हे म्हणाले. "थोडासाच लागतोय. म्हणून मैदानातल्या अंपायरने जे दिलं तेच राहणार."

"म्हणजे मशीनला दिसतंय तरी?"

ह्यांनी चहाचा कप आणि बशी घेऊन समजावलं. मनोज भावोजींनी चपातीचा स्टंप केला. मला काही केल्या पटेना. मग पास्कोलकाका म्हणाले, "बाय, पोरीच्या थर्मामीटरवर नव्व्याण्णव आलं. ताप आहे का नाही?"

"आहे पण आणि नाही पण."

"मग औषध द्यायचं का नाही ते कोण ठरवणार?"

"जिने कपाळाला हात लावला ती."

"झालं!" काका म्हणाले. "नव्व्याण्णव म्हणजे अंपायर्स कॉल."

मला जन्माचं कळलं. पण ह्यांनी त्याचा फायदा उचलला ना! दुसऱ्या दिवसापासून घरात नियम झाला, तन्वीचा ताप दिवसातून दोनदाच बघायचा. तिसऱ्यांदा माझा हात गेला की पोरगी स्वतःच ओरडते, "मम्मी, तुझे रिव्ह्यू संपले!"

* * *

मागे एकदा बाउंड्रीजवळ कॅच घेतला, अगदी जमिनीलगत. बोटं बॉलच्या खाली आहेत का बॉल गवताला टेकलाय? थर्ड अंपायर पुढे-मागे करून बघतोय आणि आमचे तिघं टीव्हीला नाक लावून.

"बोटाच्या मधून हिरवं दिसतंय," हे म्हणाले. "गवत आहे ते. नॉट आऊट."

मनोज भावोजी म्हणाले, "सावली आहे हो ती, आऊट!"

मी म्हटलं, "भावोजी, सावली हिरवी असते?"

"टीव्ही जुना आहे तुमचा, कलर मारतो!"

तिकडे खऱ्या थर्ड अंपायरचा निर्णय येऊन पुढची ओव्हर सुरू झाली. आता बॅट्समन स्ट्राइक घेतोय आणि ते हिरवं गवत त्याच्या हेल्मेटवर उगवलेलं!

मी फडकं घेऊन पुसलं. मनोज भावोजींच्या वडापावची चटणी होती.

* * *

हे झालं टीव्हीचं. मैदानात मशीन कुठलं आलं? तिथे बोट वर केलं की समोर अकरा जण आणि त्यांचे पंचवीस पाठीराखे.

एका स्पर्धेत ज्या शेठने ट्रॉफ्या दिल्या होत्या, त्यांचाच भाचा ह्यांच्यासमोर रनआऊट झाला. ह्यांनी बोट वर केलं. लगेच माइकवरून आवाज, "अंपायरसाहेबांनी फेरविचार करावा ही नम्र विनंती!"

ह्यांनी पीचवरून ओरडून सांगितलं, "विनंती नम्र आहे म्हणून नम्रपणे सांगतो. आऊट!"

त्या दिवशी शर्टाची दोन बटणं तुटून घरी आले. मी रडून गोंधळ घातला. मी म्हटलं सोडा हे सगळं, आपल्याला एक मुलगी आहे! तेव्हा पास्कोलकाकांनी मला त्यांच्या लाइनमधला पहिला नियम सांगितला. "बाय, अंपायरने मैदानात गेल्यावर आधी पीच बघायचं नसतं. आधी स्कूटर लावायची. तोंड गेटकडे करून! आऊट द्यायचं, किक मारायची, पुढच्या चौकात हेल्मेट घालायचं."

तेव्हापासून दर रविवारी हे निघाले की मी गॅलरीतून ओरडते, "तोंड गेटकडे!" खालच्या दुकानवाल्याला वाटतं मी त्याला काहीतरी बोलते.

* * *

एका सेमीफायनलला मोठी चूक झाली. हल्ली मॅचेस मोबाइलवर लाइव्ह दाखवतात. ह्यांनी एका पोराला कीपरच्या कॅचवर आऊट दिलं. आवाज आला होता. पण त्या पोराची बॅट जमिनीला लागली होती. बॉल आणि बॅटच्या मधून आमची स्कूटर निघाली असती एवढी गॅप! त्याची टीम तेवढ्यावर हरली.

स्कूटर गेटकडे होती, हे सुखरूप घरी आले. पण क्लिप स्कूटरच्या आधी घरी पोचली. कोणीतरी ती हळू करून, मागे म्हशीचा आवाज टाकून, वर लिहिलं होतं, 'अंपायरचा चष्मा सापडल्यास कळवणे.' तन्वीच्या वर्गातल्या मुलांच्या आयांच्या ग्रुपवरसुद्धा आली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर एक बाई गोड आवाजात, "ते तुमचेच मिस्टर ना?"

मी काही बोलायच्या आत तन्वी म्हणाली, "हो. पण पप्पांना चष्मा नाहीच आहे!"

ह्यांनी ती क्लिप किती वेळा बघितली देव जाणे. मग टोपी दाराच्या मागे खिळ्याला अडकवली. "आता नाही उभा राहणार मी."

* * *

मला खरं तर पेढे वाटायला पाहिजे होते. एवढी वर्षं मी तेच मागत होते ना! पण माणूस घरात बसला आणि माझी झोप उडाली.

आधी घरात ह्यांचा निर्णय म्हणजे निर्णय. आता भाजी काय करू विचारलं तर "तुला वाटेल ते." तन्वीला सहलीला पाठवायचं का? "तू बघ." एकदा दोन भिंडीवाले शेजारी शेजारी होते, मी विचारलं कोणाकडून घेऊ? हे दोघांकडे बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "आज नको भिंडी."

मी थर्मामीटर काढला. तन्वी म्हणाली, "मम्मी, पप्पांना कशाला?"

ताप नव्हता. ताप असता तर बरं झालं असतं, औषध तरी देता आलं असतं.

* * *

असे दोन महिने गेले. मग एका शनिवारी पास्कोलकाका केळ्यांचा घड घेऊन आले, मागून मनोज भावोजी. भारताची मॅच होती. हे कोपऱ्यात बसले, बळंच.

मॅचमध्ये मोठ्या नावाच्या अंपायरने आपल्या बॅट्समनला आऊट दिलं. त्याने रिव्ह्यू घेतला. बॅटजवळ बॉल, अल्ट्रा एजची रेघ सरळ. काहीच लागलेलं नाही! स्टेडियमच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसलं. त्या अंपायरने दोन्ही हात छातीवर आडवे घेतले, खांद्यांना लावले आणि मान हलवून नॉट आऊट दिलं. निर्णय मागे घेतला की अशीच खूण करतात.

तन्वी केळं खात बघत होती. "पप्पा, त्याला कोणी मारलं नाही?"

"नाही."

"मग तो घरी का नाही गेला?"

मी कुकर बंद केला. पास्कोलकाका केळ्याचं साल सोलता सोलता म्हणाले, "अजून अठरा ओव्हर आहेत बाय. बाकीचे बॉल कोण बघणार?" मग ह्यांच्याकडे न बघताच, "उद्या निर्मळला फायनल आहे. माझ्यासोबत दुसऱ्या एंडला माणूस नाही. ह्या वेळी रिव्ह्यू ठेवलाय. मनोज लॅपटॉप घेऊन मंडपात बसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्याला टोपी नव्हती.

* * *

मी ह्यांना एकटं कुठली सोडते! तन्वीला घेऊन मीपण स्कूटरवर. पर्समध्ये थर्मामीटर, बँडेज, हळदीची पुडी. मैदानाच्या कडेला ह्यांनी मला आणि तन्वीला उतरवलं आणि स्कूटर लावायला गेले. मी ओरडले, "तोंड!" ह्यांनी मागे न बघता हात हलवला.

फायनलला कोण असावं? तीच सेमीफायनल हरलेली टीम! त्यांना ह्या स्पर्धेतपण घेतलं होतं. आणि शेवटच्या ओव्हरला बॅटिंगला तोच पोरगा, क्लिपवाला. चार बॉल सहा रन.

बोलरने टाकला, पोराने बॅट फिरवली, टक्क करून आवाज, बॉल कीपरच्या हातात. अकराच्या अकरा जण ओरडले.

ह्यांनी बोट वर केलं.

पोराने ह्यांच्याकडे बघितलं आणि हाताने टी करून दाखवला. रिव्ह्यू! सगळ्या मैदानाने मोबाइल वर काढले. मी तन्वीला हाताला धरलं आणि सरळ स्कूटरकडे पळाले. म्हटलं, निदान चालू करून तरी ठेवते.

स्कूटरचं तोंड मैदानाकडे!

मी हँडल ओढलं. लॉक. चावी ह्यांच्या खिशात, हे पीचवर.

तेवढ्यात माइकवर मनोज भावोजींचा आवाज आला, टीव्हीतल्यासारखं इंग्लिश, पण थरथरणारं. "रॉक अँड रोल प्लीज... पुढे-मागे करा, परत एकदा... बॅट जमिनीला लागलेली आहे. बॅट आणि बॉलच्या मध्ये गॅप आहे. क्लिअर गॅप." मग जरा थांबून, "दादा... सॉरी. प्लीज चेंज युवर डिसिजन."

परत तेच! तीच बॅट, तीच जमीन, तोच पोरगा!

मी स्कूटरच्या सीटला घट्ट धरून उभी. ह्यांनी टोपी नीट केली. दोन्ही हात छातीवर आडवे घेतले, एक ह्या खांद्याला, एक त्या खांद्याला. सावकाश, सगळ्या मोबाइलना दिसेल असं. मग हात खाली करून नॉट आऊट.

तो पोरगा बॅट घेऊन ह्यांच्या दिशेने चालायला लागला. जवळ येऊन काहीतरी बोलला. हे हसले आणि त्याला बोटाने क्रीज दाखवली, जा.

दोन्हीकडून शिट्ट्या सुरू झाल्या. समोरच्या एंडवरून पास्कोलकाका ओरडले, "अजून तीन बॉल!"

ते तीन बॉल काय झाले मला विचारू नका. मी बोलरचा पाय बघत होते.

बक्षिसं झाली. हे आले, टोपी काखेत, हातात कोणीतरी दिलेलं शहाळं. मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"म्हणाला, काका, ही क्लिप मी स्वतः टाकतो. म्हशीशिवाय."

मग मात्र मला राहवलं नाही. "हसताय काय? स्कूटर बघा जरा! तोंड मैदानाकडे करून ठेवलीत ती! चिडले असते सगळे, तर पळून गेला असता कुठे?"

ह्यांनी शहाळं तन्वीच्या हातात दिलं, लॉक काढलं आणि किक मारली.

"मैदानात," म्हणाले. "बसा!"