शिळ्या पेपरातली मॅच

काल माळ्यावरचा वाळवलेल्या रोपांचा गठ्ठा सोडला, डांबरगोळ्यांचा वास आला आणि जाधव सरांवरचा जुना राग पुन्हा उसळला.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. पूर्णेच्या काठापासून जिंतूरच्या डोंगरापर्यंत काय काय उगवतं, ते बघत सुट्टीभर हिंडायचो. मी आणलेलं रोप ताजं असतानाच जुन्या पेपरात दाबून ठेवायचं, एवढंच सरांचं काम. त्या दिवशी गुडघे सोलून घेत मी कड्यावरनं एक निळं फूल आणलं. अख्ख्या डोंगरात ते एकच होतं. खाली येऊन बघतो तर सर सावलीत तो दाबायचा जुना पेपरच पसरून वाचायलेत!

"सर, फूल मान टाकायलंय!"

"थांबा हो, दोनच ओव्हर राहिल्यात."

"अहो, ती मॅच आपण कधीच हरलोय!"

"ते माहीत हाय. कसे हरलो, ते तर बघू द्या!"

फूल दाबेस्तोवर पाकळ्या काळवंडल्या. परतताना एस.टी.त मी त्यांच्या शेजारी बसलोसुद्धा नाही.

काल तोच पेपर उघडला. फुलाचा नुसता चुरा उरला होता. अक्षरं दिसावीत म्हणून मी तो फुंकरीनं बाजूला सारला. बायकोनं जेवायला दोनदा हाक मारली.

"आलो गं," मी वैतागून ओरडलो, "दोनच ओव्हर राहिल्यात!"