न पाहिलेल्या घरासाठी सल्ले

ब्रिटन मी पाहिलेलं नाही. तिथलं विमानतळसुद्धा नाही. पण तिथल्या घरात बादलीने आंघोळ करायची नाही, हे बहारीनमधल्या निदान पाच-सहा आयांना मीच सांगितलंय. अहो, तिथल्या न्हाणीघरात जमिनीला जाळीच नसते! पाणी जाणार कुठे? खालच्याच्या डोक्यावर. मग तो वर येतो भांडायला.

शुक्रवारच्या मिस्सानंतर चर्चच्या अंगणात चहाचा कप हातात घेऊन आम्ही उभ्या राहायचो. सगळ्यांची पोरं इथेच वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि आता एकेक करून ब्रिटनला निघालेली. कोणाची नर्स म्हणून, कोणाची शिकायला. माझी लेक नर्स होऊन सगळ्यांत आधी गेली, म्हणून मी अनुभवी. "बाथरूमचा दिवा लावायला छताची दोरी ओढायची, भिंतीवर बटण शोधत बसू नका. विजेच्या मीटरचा फोटो घरात शिरल्या दिवशीच काढून ठेवा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचं बिल तुमच्या गळ्यात. संध्याकाळी उशिरा दुकानात गेलात की पिवळं स्टिकर लावलेली कोंबडी अर्ध्या किमतीत मिळते, ती आणून फ्रीजरला टाका." बायका माना डोलवायच्या. वसईच्या माझ्या जुन्या शेजारणीसुद्धा फोन करून विचारायच्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

नवरा हसायचा. तो अस्करच्या बाजूला कारखान्यात शिफ्टला जातो. म्हणायचा, "एकदा तरी जाऊन ये गं, मग सांग." मी म्हणायची, "तू गप बस. तू इतकी वर्षं बहारीनमध्ये आहेस, तुला आपल्या गल्लीतलं किराण्याचं कोल्ड स्टोअर सोडून काय ठाऊक आहे?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते गेल्या हिवाळ्यापर्यंत. लेकीने घर बदललं होतं. हॉस्पिटलजवळ, भाडं कमी, तळमजला. जावई वेअरहाऊसमध्ये रात्रपाळीला, म्हणजे दिवसा घरी, म्हणजे नातवाला सांभाळायला माणूस आहे. नातू दोनाचा व्हायचा होता. छान जमलं म्हणून आम्ही इथे मेणबत्ती लावली. आणि थंडी सुरू झाली तशी बेडरूमच्या कोपऱ्यात भिंत काळी पडायला लागली. लेकीने फोन वळवून दाखवलं. खालून वर चढत गेलेले काळे ठिपके, आणि त्याच भिंतीला लागून पोराचं पाळण्यासारखं बेड.

"मोल्ड आहे, मम्मी, बुरशी. इथे सगळ्यांच्या घरी असतं."

"आणि हा खोकतोय का?"

"थोडा खोकला आहे. सीझन आहे ना."

झालं, माझं सल्ल्यांचं दुकान उघडलं. व्हिनेगरने पूस, पण त्यात ब्लीच मिसळू नकोस, विषारी वाफ होते. कपाटात वाटीत मीठ ठेव. बेड भिंतीपासून हातभर लांब सरकव. शिजवताना पातेल्यावर झाकण. ओले कपडे बेडरूममध्ये नकोत. कुठून कुठून व्हिडिओ बघायचे, इंग्रज बायकांचे, एप्रन बांधलेल्या, आणि लेकीला पाठवायचे. ती सगळं करायची. शहाणी पोर, लहानपणापासून सांगितलेलं करणारी. भिंत पुसून पांढरी व्हायची, आणि आठवडाभरात काळं परत हजर. आणि फोनवर मागे तो खोकल्याचा आवाज. कोरडा, एकामागून एक. मी म्हणायची, फोन त्याच्याजवळ ने, मला ऐकू दे. ती म्हणायची, मम्मी, मी नर्स आहे ना, डोन्ट वरी.

मग एकदा व्हिडिओवर नातवाला सहज विचारलं, "काय जेवला माझा राजा?"

"ब्रेड," तो म्हणाला.

"आणि भात?"

"नो."

मला वाटलं, आजचं असेल. दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा ब्रेड. तिसऱ्या दिवशी मी लेकीला पकडलं. आधी हो-नाही करत होती. मग सांगितलं. घराची जी एजन्सी आहे, तिथल्या बाईने येऊन भिंत बघितली होती आणि म्हणाली होती, तुम्ही लोक फार शिजवता, फार वाफ करता, म्हणून हे होतं. तेव्हापासून लेकीने घरात भात लावणं बंद केलं होतं. डाळ नाही, कालवण नाही. ब्रेड, थंड दूध, दुकानातलं तयार काहीतरी. पोराला आंघोळसुद्धा ओल्या कपड्याने पुसून. भर थंडीत खिडकी उघडी ठेवून किटलीत पाणी उकळत होती माझी पोर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाताने भिंत काळी होते? भाताने भिंत काळी होत असती तर आमच्या अख्ख्या वसईत एक भिंत पांढरी उरली नसती! डोंबल तिचं! भिंतीतून पाणी येतंय म्हणून काळी होतेय, आणि ती घरमालकाची भिंत आहे!"

"मम्मी, ओरडू नकोस ना. बाळ उठेल."

आमच्या चर्चमधल्या एकीचा मुलगा तिकडे बरीच वर्षं आहे. तिला मी गाठलं. तिने मुलाला विचारून नीट सांगितलं. फोटो काढायचे, एजन्सीला लेखी कळवायचं, आणि त्यांनी हात वर केले की सरळ काउन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन. काउन्सिलचा माणूस घरी येऊन भिंतीची ओल मोजतो. लहान मूल घरात असेल तर लवकर येतात. मालकाला दुरुस्ती करावीच लागते. मला इतका आनंद झाला की मी पायऱ्या चढता चढताच लेकीला फोन लावला. आयुष्यातला सगळ्यात चांगला सल्ला माझ्या हाती लागला होता.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, मम्मी. वॉर्डमधल्या पेशंटच्या घरच्यांना हे मीच सांगते."

"मग? वाट कसली बघतेस?"

"नाही करायची मला कम्प्लेंट."

काय काय सांगितलं तिने. एजन्सी वाईट रेफरन्स देईल, दुसरं घर मिळणार नाही. व्हिसा आहे, उगीच कुठे नाव नको यायला. आम्ही बाहेरचे. मी म्हटलं, व्हिसाचा आणि भिंतीचा काय संबंध? ती म्हणाली, नसेल, पण भीती वाटते. आणि मग तिने जुनं काढलं.

"मम्मी, आपण कधी केली कम्प्लेंट? आपल्या वरच्या मजल्यावरची ती फॅमिली आठवते? एसीवरून भांडली होती मालकाशी. महिन्यात घर सोडून गेली. माझी बेस्ट फ्रेंड होती ती मुलगी. त्यांचं सामान खाली नेत होते तेव्हा डॅडी म्हणाले, दार लाव, आपण काही बघितलं नाही. आणि तुझ्या बाथरूमचं छत? अजून बादली ठेवतेस ना खाली?"

ठेवत होते. झिंजमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छतातून वरच्यांचं पाणी गळतं. आधी डाग होता, मग प्लास्टरचे पोपडे, मग एके दिवशी तुकडाच खाली आला. नवरा म्हणाला, मॅनेजरला सांगू नकोस, आपलं भाडं जुनं आहे, त्याला निमित्तच हवंय. मी बादली ठेवली. आल्यागेल्याला सांगायची, सांभाळून हं, डाव्या बाजूला उभे राहा.

फोन ठेवला आणि मी नुसती घरात फिरत राहिले. राग लेकीचा नव्हता. तिच्या भीतीत आमचाच आवाज होता, शब्द न् शब्द आमचा. तिकडे पोर खोकतंय आणि माझे सल्ले सगळे मिठाच्या वाटीचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा ड्यूटीला गेला. लेकीला सुट्टी होती. मी तिला व्हिडिओ कॉल लावला. "फोन ठेवू नकोस. काही बोलू नकोस. फक्त बघ."

"व्हॉट आर यू डुइंग, मम्मी?"

मी खाली गेले. बिल्डिंगच्या मॅनेजरची खोली तळमजल्यावर, कोल्ड स्टोअरच्या बाजूला. आपल्याकडचाच माणूस, सगळ्यांशी हिंदीत बोलणारा. दिसला की मी नेहमी हसून पुढे जायची. त्या दिवशी आत शिरले, फोन छातीशी धरला, कॅमेरा त्याच्याकडे. म्हटलं, बाथरूमचं छत पडतंय, कोणाच्या डोक्यात पडलं तर? माणूस पाठवा, आजच्या आज.

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. "भाभी, इतने साल तो कोई प्रॉब्लेम नहीं था आपको।"

"प्रॉब्लेम था। मैंने बोला नहीं था।"

मला वाटलं होतं, मुलीला दिसेल, आई बोलली, आणि तो म्हणाला ठीक आहे, पाठवतो. एवढंच दाखवायचं होतं मला. देवा बापा, एवढंच!

त्याने ड्रॉवर उघडला, बंद केला. "आपका लीज अगले महीने खतम है ना? ओनर को नया रेंट चाहिए। आप जितना देते हो उसमें अब झिंज में कौन देता है? पसंद नहीं तो खलास, छोड़ दो। मैं रिन्यू नहीं करेगा।"

अगदी शांतपणे बोलला. शिव्या दिल्या असत्या तर मी तरी दिल्या असत्या. फोनमधून लेकीचा आवाज आला, "ओ गॉड, मम्मी."

काय झालं कोण जाणे, मी फोन तोंडासमोर धरला आणि त्या माणसासमोरच मराठीत ओरडायला लागले. "बघितलंस? ऐकलंस? ज्याला आपण इतकी वर्षं घाबरून राहिलो ना, ते हेच. घर गेलं. गेलं तर गेलं! मी उभी आहे बघ, माझे पाय जागेवर आहेत. तुझं घर गेलं तरी तू मरणार नाहीस. पण त्या भिंतीजवळ झोपून पोराचं काय होईल? कर फोन!"

"व्हाय डिड यू डू धिस?" ती म्हणाली, आणि फोन कट.

मी जिना चढले आणि मधल्या वळणावर पायरीवर बसून रडले. शूरपणा सगळा खालीच राहिला होता. नवऱ्याची नोकरी आता थोडीच वर्षं. नवं घर म्हणजे दुप्पट भाडं, नाहीतर बुसैतीनला कुठेतरी एखादी खोली. आणि लेक फोन उचलेना. मी लावत होते, ती उचलत नव्हती.

दुपारनंतर नवरा आला. बूटसुद्धा काढू दिले नाहीत मी त्याला, दारातच सगळं सांगितलं. आयुष्यात वरच्या माणसाला उलट शब्द न बोललेला माणूस. मला वाटलं, आता ओरडेल, आणि ओरडू दे, माझी तयारी होती. तो खुर्चीवर बसला. नजर बाथरूमच्या बंद दाराकडे.

"तिने केला का फोन?"

"कोणाला ठाऊक. माझा तर उचलतच नाहीये."

त्याने स्वतःचा फोन काढला. हा कधी कोणाला फोन करत नाही, मी लावून दिला की दोन शब्द बोलतो. त्याचा मात्र तिने लगेच उचलला. त्याने स्पीकर लावला.

"डॅडी, सॉरी. माझ्यामुळे तुमचं घर..."

"घराचं मरू दे. तू तक्रार केलीस का?"

"नाही." ती रडत होती. "नंबर लावते आणि कट करते. मला भीती वाटते, डॅडी."

"मलाही वाटते," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही त्याने. "माझी भीती काही गेली नाही अजून. तू असं कर, माझा फोन चालू राहू दे. नवऱ्याचा फोन घे आणि त्याच्यावरून काउन्सिलला लाव. मी इथे बसलोय. काही बोलणार नाही."

फोन टेबलावर ठेवून आम्ही दोघं बसलो. तिकडे घंटी वाजत राहिली, मग गाणं, मग परत घंटी. मग एक बाई बोलायला लागली. लेकीने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, घाबरलेल्या शाळकरी पोरीसारखा आवाज. भिंतीचं सांगितलं. त्या बाईने काहीतरी विचारलं, ते आम्हाला नीट कळलं नाही. लेक थांबली. मला वाटलं, आता ठेवते.

"येस," ती म्हणाली, "अ चाइल्ड. माय सन. ही कान्ट ब्रीद. ही हॅज बीन इन हॉस्पिटल ट्वाइस."

नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आम्हाला ती अख्खा हिवाळा सांगत होती, थोडा खोकला आहे.