ड्रमवरचं पान

"मॅडम, पासवर्ड क्या है?"

दुपारी मोरिवलीच्या एका फॅक्टरीतल्या सिक्युरिटी गार्डचा मेसेज आला. सोबत लॉगिनच्या पानाचा फोटो. पानाखाली मदतीसाठी माझाच नंबर होता. गार्डला पासवर्ड कशाला हवा, असं पुटपुटत मी लिहिलं, 'पासवर्ड देता येत नाही. मॅनेजरना विचारा.' आणि जेवायला बसले.

मी बदलापूरला घरूनच वेब ॲप्लिकेशन बनवते. या फॅक्टरीचंही माझंच. तिथे केमिकलच्या प्रत्येक ड्रमवर क्यूआर कोड असतो. स्कॅन केला की पान उघडतं: अंगावर सांडलं तर काय करायचं, औषध कुठे आहे. आधी ही पानं इंग्रजीत होती. ड्रम हलवणारे भोईरदादा म्हणाले, "ताय, मना इंग्रजी येत नाय. मराठीन लिव. मोठ्या अक्षरान." मी मराठी पानं केली. दादांनी एकेक वाचून पास केलं.

पुढे याच ॲपवरची ऑर्डरची यादी बाहेरच्या कुणीतरी पाहिली. उल्हासनगरहून फॅक्टरीच्या शेठचा फोन आला.

"सब पेज पे लॉगिन डालो. एक भी खुला नहीं मंगता."

"शेठ, ड्रमची पानं तरी उघडी हवीत."

"ठीक है, वो छोड के."

हे काम सोपं असतं. एका ओळीत सगळ्या पानांना लॉगिन लावायचं आणि उघडी ठेवायची त्यांच्या पत्त्यांची यादी द्यायची. यादीत मी पत्ते टाकले ते जुन्या, इंग्रजी पानांचे. मराठी पानांना कुलूप लागलं. तपासलं मी माझ्याच फोनवर, आणि माझा फोन कायम लॉगिन केलेला. सगळं छान उघडलं.

त्या आठवड्यात फॅक्टरीत हायड्रोफ्लोरिक ॲसिड पहिल्यांदाच आलं होतं. त्याचं नवं पान अजून कुणी वाचलं नव्हतं. माहिती असलेला सुपरवायझर रजेवर, आणि स्कॅन करायचा फोनही त्याच्याचकडे. दादांच्या उजव्या हातावर ॲसिड उडालं. आत बाकी कुणाला फोन न्यायला बंदी, सगळ्यांचे फोन गेटवर जमा. म्हणून कुणीतरी धावत जाऊन गार्डलाच फोनसकट आणलं. त्याने कोड स्कॅन केला आणि समोर आलं लॉगिन.

शेवटी त्यांनी हात पाण्याने धुतला. या ॲसिडला तेवढं पुरत नाही, लगेच कॅल्शियमचं जेल चोळावं लागतं. जेल भिंतीवरच्या कपाटातच होतं. पानावर तसं लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत.

दादांची दोन बोटं काढावी लागली. यादीतली चूक मी दोन मिनिटांत दुरुस्त केली. त्या दोन मिनिटांची मला अजून लाज वाटते.

महिन्याभराने त्यांच्या घरी गेले. सगळं सांगितलं, माझ्या मेसेजसकट. वहिनींनी केलेला चहा मला घेववेना. मग डाव्या हाताने दादांनी आपला फोन पुढे केला.

"यान उघर."

त्या ॲसिडचं पान लॉगिनशिवाय उघडलं. त्यांनी ते सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"बराबर लिवलंस," म्हणाले.

मला रडू आवरलं नाही.

आता कुठल्याही पानाला लॉगिन लावलं की मी ते परक्या माणसाच्या फोनवर उघडून पाहते. आणि कुणी पासवर्ड मागितला, तर आधी विचारते, "काय झालंय?"