काकूची सोनी

दुकानात बसणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन साचतात. मुरबाडात माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आणि शेजारी बाळूकाकांचं फिश टँकचं. त्यामुळे माझ्याकडचे निम्मे किस्से काकूच्या सोनीचे आहेत.

सोनी म्हणजे क्रेफिश. कोलंबीपेक्षा जाड, पुढे नांग्या, अंगभर ठिपके. कल्याणहून काकूने एकच आणली होती. दोन महिन्यांत तिच्या पोटाखाली अंडी! रात्री कुठून नर शिरतो की काय म्हणून काकांनी टँकच्या झाकणावर वीट ठेवली. शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या भाच्याने सांगितलं, या जातीत नर नसतोच. मादी एकटीच पिल्लं घालते, हुबेहूब आपल्यासारखी.

काकू म्हणाली, "बरं हाय तिचं. नवऱ्याचा डबा तरी करायला नको."

*

डोळखांबचे एक गुरुजी जोडी मागायला आले. एकच पुरे, असं काकांनी परोपरीने सांगितलं. गुरुजींना पटेना, दोन घेऊनच गेले. दिवाळीनंतर बादली घेऊन हजर. "जोडी परत घ्या!" आत शंभरेक तरी असतील.

घेतली नाहीत तर नदीत सोडतो म्हणाले. या तिथल्या चिंबोऱ्यांना उपाशी मारतील, या भीतीने काकांनी घाईघाईत बादली ओतली ती नेमकी सोनीच्याच टँकमध्ये. आता त्यात सोनी कुठली? काकूने आठवडाभर काकांना डबा दिला नाही.

*

तरी काकू सोनी ओळखायची म्हणे. दुपारी हातातल्या बांगड्या काचेवर वाजवायची आणि भाताची शितं टाकायची. "सावकाश गो, सगळ्यांना हाय." पहिली बाहेर येते ती सोनी, असं तिचं म्हणणं. आम्ही तिला खूप चिडवलं.

*

श्रावणात काकू गेली. अजून दुपार झाली की माझे कान त्या बांगड्यांकडे लागतात.

भाचा म्हणाला, पुराचं पाणी दुकानात शिरलं तर सगळ्या नदीत जातील, उकळून टाका. काकांना पटलं. फक्त म्हणाले, "तिची सोनी तेवढी ठेवीन."

काल दुपारी त्यांनी चहाच्या गॅसवर मोठं पातेलं चढवलं. मी मदतीला गेलो. पाणी उकळलं तेव्हा काकांनी खिशातून काकूच्या दोन हिरव्या बांगड्या काढल्या आणि काचेवर वाजवल्या.

टँकमधल्या कौलांखालून सगळ्याच एकदम बाहेर आल्या.

पहिली कोण, ते काकांना ठरवता येईना. मग त्यांनी गॅस बंद केला आणि डब्यातला भात काढला.

"सावकाश गो," काका म्हणाले, "सगळ्यांना हाय."